अकरावा तुकडा

ज्याला सगळे गोदाम म्हणतात त्या माझ्या मित्राच्या भुकेबद्दल मी आजवर जे सांगत आलो त्यातलं निम्मं खोटं आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. तो एका बैठकीत चाळीस उकडलेली अंडी खायचा हे खरं नाही. एकोणतीस खायचा. त्याच्या घरच्या कॅलेंडरवरचं द्राक्षांच्या चित्राचं पान एका सकाळी फाटलेलं सापडलं हे खरं आहे. ते त्यानेच खाल्लं असं मी कधी म्हणालो नाही. लोक म्हणाले, मी फक्त नाही म्हणालो नाही. पण आता जी गोष्ट सांगणार आहे तिला मी तिखटमीठ लावलेलं नाही. तिखटमीठ लावायला हात स्थिर लागतो, आणि त्या दिवशी माझे हात पाण्याचा पेला धरण्याच्याही लायकीचे नव्हते.

आम्ही दोघे बिस्किटांच्या कारखान्यात चाखणारे. भट्टीच्या हॉलच्या वर पांढऱ्या फरशांची एक खोली, तिला खाली बघणारी काचेची खिडकी, एक उंच टेबल, दोन स्टुलं, कोमट पाण्याचे पेले आणि मधोमध थुंकण्यासाठी स्टीलचं एक तस्त. दोघांत मिळून एकच. शेजारच्या खोलीत प्रयोगशाळेच्या बाई बसायच्या. त्यांचा तराजूवर इतका विश्वास आणि माणसांवर इतका कमी, की आम्ही त्यांना काटाबाईच म्हणायचो. प्रत्येक घाण्यातलं बिस्कीट कापून त्या बरोबर आठ ग्रॅमचे दोन तुकडे आमच्यापुढे ठेवायच्या. एक त्याचा, एक माझा.

चाखणाऱ्याने चावायचं, जिभेवर फिरवायचं, नाकातून श्वास सोडायचा आणि थुंकायचं. गिळायचं नाही. मी बेचाळीस वर्षांत एक कणसुद्धा गिळला नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट शंभर टक्के खरी, आणि कारखान्यात नेमका हिच्यावरच कुणाचा विश्वास नव्हता.

गोदाम तीस वर्षं गिळत आला. तो तस्तावर वाकायचा, घशातून ‘थू’ असा खणखणीत आवाज काढायचा, ओठ पुसायचा, आणि तस्तात काहीही पडलेलं नसायचं. वाकता वाकताच तुकडा आत. मी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. बोललो नाही, कारण त्याच्यासारखी जीभ मी दुसरी पाहिली नाही. पिठात मीठ डाव्या हाताने टाकलंय की उजव्या, एवढं सोडून तो बाकी सगळं सांगायचा.

पण तीस वर्षं रोज दोन-तीन डझन तुकडे आत गेल्यावर माणसाचं गोदाम होतं. बुटाची नाडी त्याला बायको बांधून द्यायची. झोपेत त्याचा श्वास बंद पडायचा आणि वहिनी कोपराने ढोसून तो परत चालू करायच्या. शेवटी पोट लहान करण्याच्या ऑपरेशनची गोष्ट निघाली. सर्जनबाईंनी त्याला तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काम काय करता?”

“बिस्किटं चाखतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मी तुमच्या पोटाची केळ्याएवढी नळी करीन. पहिले काही आठवडे तिला टाके असतील. पातळ सोडून काही आत गेलं आणि टाका सुटला तर पोटातलं पोटाबाहेर सांडेल. मग मी काही करू शकेन का, ते मला आज सांगता येत नाही. आधी थुंकायला शिका. मग मी हत्यार हातात घेते.”

शिकवलं वहिनींनी. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना त्या जशा शिकवायच्या तसंच नवऱ्याला शिकवलं. “तस्त माझ्या जेवणाच्या टेबलावर येणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा संसार आहे, कारखाना नाही.” म्हणून रुमाल. घास बत्तीस वेळा चावायचा, रुमाल तोंडाशी न्यायचा, थुंकायचं, रुमालाला चार घड्या घालायच्या आणि शेवटचा कोपरा आत खोचायचा, म्हणजे खिशात उलगडत नाही. समोर वहिनी कात्री घेऊन बसायच्या. त्याने गिळलं की टेबलावर कात्रीची मूठ आपटायची.

“गिळलात.”

“नाही गं.”

“गळ्याची घाटी हलली. परत.”

असं दोन महिने. मीही कारखान्यात त्याच्या बरगडीत कोपर मारत राहिलो. हळूहळू तस्तात दोघांचं पडायला लागलं.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे फक्त पातळ, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनला आत वाट मिळते. त्या दोन आठवड्यांत तो दुकानांच्या काचांना नाक लावून उभा राहायचा. वाफेने काच धूसर झाली की बाहीने पुसायचा आणि परत उभा. मी थट्टा केली तर म्हणाला, “हसू नकोस. मला टेबलावर झोपायची भीती वाटत नाही. भीती नंतरची आहे. ते भूक पोटातून कापून टाकतील, आणि ती इथे राहून जाईल.” आणि त्याने कपाळावर बोट ठेवलं.

तसंच झालं. ऑपरेशन छान पार पडलं. दहाव्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. औषधाच्या बाटलीच्या टोपणातून तो घोट घोट सूप पीत होता. एक टोपण संपायला सात मिनिटं. फ्रिजवर वहिनींच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला: ताप. डाव्या खांद्यात कळ. नाडी एकशेवीसच्या वर. तिन्हीतलं एक जरी झालं तरी ताबडतोब दवाखाना.

“पोट काय म्हणतंय?” मी विचारलं.

“पोट मेल्यासारखं गप्प आहे. डोकं ओरडतंय.” तो आवाज खाली आणून म्हणाला, “काल मी बिस्किटाचा रिकामा डबा उघडून त्यात तोंड घालून बसलो होतो. हिने पाहिलं असतं तर? दातांना काहीतरी पाहिजे रे. मी एक दिवस उठून काहीतरी खाईन आणि मरेन. मला स्वतःची भीती वाटते.”

आणि मी, जो आयुष्यभर तोंड सांभाळायला शिकलो नाही, म्हणालो, “मग ये की कारखान्यात. चावायला तर मिळेल. थुंकायला तू आता शिकलायस.”

हे वाक्य मला परत गिळता आलं असतं तर मी बेचाळीस वर्षांचा नियम मोडला असता.

बाराव्या दिवशी सकाळी तो आला. दवाखान्याने त्याला रोज चालायला सांगितलं होतं. वहिनींना वाटलं तो चालायला गेलाय. चालतच आला म्हणा. पांढरा कोट घातला तर तो त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. काटाबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. “रजेवर आहात ना?”

“जीभ रजेवर नाही,” तो म्हणाला.

पहिले दहा तुकडे झाले. प्रत्येकाला तो वाकला, थुंकला, पाण्याने चूळ भरून बाजूच्या बेसिनमध्ये टाकली. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, आपण मोठं पुण्याचं काम केलं.

अकरावा घाणा आल्याच्या बिस्किटांचा. भट्टीत अर्धं मिनिट जास्त राहिलेला, कडा काळपट, साखर जरा जळलेली. त्याचं जगात सगळ्यात आवडतं. त्याने तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. तेवढ्यात खाली पत्र्याच्या ट्रेंची अख्खी चळत कोसळली. मी खिडकीशी धावलो. कुणाला लागलं नव्हतं. फार तर वीस सेकंद.

मागे वळलो तेव्हा गोदाम सरळ बसला होता. तोंड रिकामं. डोळे मोठे.

“मी थुंकलो का?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“मी वाकलो. वाकलो एवढं आठवतं. पुढचं आठवत नाही.”

मी तस्तात पाहिलं. एकवीस असोत की बावीस, चावलेली बिस्किटं मोजता येत नाहीत. सगळा एक लगदा.

“थुंकला असशील.”

“असशील म्हणजे काय? पाहिलंस का?” त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर गेला. “तीस वर्षं मी असाच वाकून गिळत आलो. याच तस्तावर. याच स्टुलावरून.”

मग त्याने मनगट धरलं. ओठ हलत होते. काटाबाई आवाज ऐकून आल्या, तेव्हा तो म्हणाला, “एकशे चौतीस.”

फ्रिजवरचा तो कागद आम्हा दोघांनाही पाठ होता. मी म्हणालो, “अरे, घाबरलास की नाडी पळतेच.”

“आणि टाका सुटला तरी पळते. मग यातली ही कुठली?”

 

“खांदा दुखतोय,” तो म्हणाला.

“डावा की उजवा?”

“दोन्ही.”

काटाबाईंनी तस्त उचललं. “तुकडे माझ्याच हाताने कापलेत. अकरा घाणे, दोन माणसं, बावीस तुकडे, एकशे शहात्तर ग्रॅम. लाळ वाळवून टाकते. थोडंफार इकडेतिकडे जाईल, तरी एकशे सत्तर भरलं तर सगळं तस्तातच आहे. पाऊण तास द्या.” त्यांनी तो लगदा पसरट थाळ्यांत पातळ पसरला आणि तापदिव्याखाली सरकवला. आमच्या घामाचा आणि आल्याचा वास खोलीभर झाला.

तो पाऊण तास. मी त्याला म्हणालो, चल दवाखान्यात. तर तो म्हणे, आधी वजन येऊ दे. दवाखान्यात गेलो म्हणजे हिला कळणार, आणि हिला कळायचं तर निदान खऱ्या कारणासाठी कळू दे. मग तो पोटावर दोन्ही हात ठेवून बसला, भरलेला पेला नेताना धरतात तसे. खोकला आला तो त्याने दाबला. मी एक विनोद सांगायला सुरुवात केली आणि मधेच विसरलो. असं माझं कधी झालं नव्हतं.

काटाबाई परत आल्या. हातात कागदाची चिठ्ठी. “एकशे बासष्ट.”

“म्हणजे?”

“एक तुकडा नाही.”

गोदामाचा चेहरा पिठासारखा झाला. नाडी मोजायची गरजच नव्हती, गळ्यावर उडताना दिसत होती. आणि मला ते बघवेना. मी जन्मभर जे करत आलो तेच केलं.

“तो मी गिळला,” मी म्हणालो.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

“आल्याचा. मोह झाला. वयच झालं रे आता.”

गोदाम हसला. हसताना पोट धरून. “बेचाळीस वर्षं मिरवलंस की रे, थापाड्या. कणसुद्धा नाही म्हणे.” त्याने मनगट धरलं. थोड्या वेळाने म्हणाला, “अठ्ठ्याण्णव.” चेहऱ्यावर रंग आला. उठला, कोट काढून खुंटीवर लावला. “जातो घरी. सूपची वेळ झाली.”

आणि तेव्हा माझ्या पायाखालची फरशी सरकली.

कारण मी गिळला नव्हता. माझा तुकडा मी खिडकीशी धावण्याआधीच थुंकला होता, हे मला लख्ख आठवत होतं. म्हणजे तो त्याच्याच पोटात होता. भीतीने धावणारी नाडी मी शांत केली होती, पण टाका उसवत असला तर तो काही माझ्या थापेने शिवला जाणार नव्हता. तो घरी जाईल, सूप पिईल, आडवा होईल. आणि आत सांडत राहील.

“थांब,” मी म्हणालो. “मी खोटं बोललो. मी नाही गिळला.”

“बरं,” तो टोपी घालत म्हणाला.

“अरे, खरं सांगतोय.”

“मघाशीही खरंच सांगत होतास. आता मला दवाखान्यात नेऊन मजा बघायची आहे होय?”

मी काटाबाईंकडे वळलो. त्या म्हणाल्या, “काटा म्हणतो, तुकडा गेला. कुणाच्या घशात गेला ते काटा सांगत नाही. आणि तुमच्यावर तर मी चिमूटभर मीठ मोजायचंही सोपवणार नाही.”

त्याचे पाय जिन्यावर वाजायला लागले होते. आता एकच माणूस उरला होता, आणि त्या माणसाला फोन करण्यापेक्षा मी भट्टीत हात घातला असता. पण नंबर लावला.

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज. “बोला भावजी.”

“वहिनी, मी खोटं बोललोय.”

“आजचं की पूर्वीचं?”

मी एका दमात सगळं सांगितलं. कारखाना, चावणं, तुकडा, एकशे बासष्ट, माझी थाप. मशीन थांबलं. 

“त्यांना फोन द्या.”

मी जिन्यात धावलो. त्याने फोन कानाला लावला. “हो,” म्हणाला. “हो. नाही. हो.” मग फोन माझ्या हातात दिला. चेहऱ्याचा रंग परत गेला होता. “चल. आणि तू तर मेलासच.”

कारखान्याची मालाची गाडी तेवढी उभी होती. मागे बिस्किटांच्या खोक्यांमध्ये आम्ही तिघे बसलो. काटाबाई चिठ्ठी घेऊन स्वतःहून आल्या. प्रत्येक खड्ड्याला गोदाम पोटाखाली हात धरायचा. चारी बाजूंनी त्याच्या आवडीचा वास, आणि तो नाक दाबून बसलेला. “याच वासाने मला मारलं,” तो म्हणाला. एकदाच म्हणाला, पण मला ते अजून ऐकू येतं.

सर्जनबाईंनी ऐकून घेतलं, मनगट धरलं, एकशे सव्वीस म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरच्या तक्त्यातलं यकृत बघू लागलो. त्याला दवाखान्याचा झगा घालायला लावला आणि आत नेलं. आत उभं राहून एक पातळ औषध प्यायचं असतं. पडद्यावर ते नळीतून उतरताना दिसतं. कुठे बाहेर पाझरलं तर तेही दिसतं.

मी बाकावर बसलो. मांडीवर त्याची पॅंट. अजून जुन्या मापाचीच होती. त्या पॅंटमध्ये मी आणि तो दोघे मावलो असतो. मी दोन्ही हातांनी ती आवळून धरली होती आणि मनात म्हणत होतो, हा एवढा बाहेर येऊ दे, मी पुन्हा थाप मारणार नाही, अगदी बारीकही नाही. आणि आवळता आवळता मागच्या खिशात माझ्या हाताला काहीतरी मऊ, थंड लागलं.

रुमाल. चार घड्या, कोपरा आत खोचलेला. मी नाकाशी नेला. आलं. जळकी साखर.

खिसा बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तीस वर्षांत त्या खोलीत कुणी रुमालात थुंकलं नव्हतं.

मी उठून दाराकडे धावलो. नर्सने अडवलं. मी काटाबाईंपुढे रुमाल धरला. “हे बघा. हा तुकडा.”

त्यांनी रुमालाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या उपाहारगृहाकडे. “तिथे आल्याची बिस्किटं मिळतात,” त्या म्हणाल्या.

“मी इथून हललोय का?”

“मी मघापासून चिठ्ठी बघत होते. तुम्ही काय करत होतात ते मी पाहिलेलं नाही.”

तेवढ्यात वहिनी आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. मी काही न बोलता रुमाल पुढे केला. त्यांनी तो उघडला नाही. उलटा केला, सुलटा केला, आणि खोचलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“ही घडी मी शिकवलेली आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला येणार नाही.”

काटाबाईंनी चष्मा पुसला.

“म्हणजे तो सुखरूप आहे,” मी म्हणालो.

“आतल्या पडद्यावर दिसेपर्यंत मी काही मानत नाही.” वहिनी बसल्या. गळ्यातली टेप काढून गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. कितीदा ते मी मोजलं नाही. दार उघडलं तेव्हा टेप जमिनीवर पडली आणि गडगडत माझ्या पायाशी आली.

सर्जनबाई म्हणाल्या, “कुठेही गळत नाही. टाके शाबूत आहेत.” वहिनींनी रुमाल दाखवला तर मान हलवली. “बरं झालं. गिळला असता तरी एका चावलेल्या तुकड्याने बहुधा काही झालं नसतं. पण बहुधा हा शब्द मी पेशंटसमोर वापरत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.”

मी सांगितला नाही. तेवढं एक जमलं.

गोदाम झग्यातच बाहेर आला. बायकोकडे बघून त्याने मान खाली घातली. तिने रुमाल त्याच्या हातात ठेवला.

“आल्याचा?” त्याने मला विचारलं.

“आल्याचाच.”

“कसा होता रे?”

“तू चावलास. मला काय विचारतोस?”

“थुंकलेलं आठवत नाही तसं चवीचंही आठवत नाही.” त्याचा आवाज एकदम लहान झाला. दिवसभर इतकं घाबरलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं. “जिभेवर काही नव्हतंच की काय? पोटाबरोबर तीही गेली की काय?”

“महिन्याने मी स्वतः देईन,” वहिनी म्हणाल्या. “तुकडा मी कापणार. समोर मी बसणार. तेव्हा कळेल.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि भावजी, तोवर आमच्या घरी यायचं तर तोंड शिवून या. दोरा मी देते.”

महिना झाला, तुकडा दिला गेला. गोदामाने बत्तीस वेळा चावला, सर्जनबाईंनी परवानगी दिली होती म्हणून गिळला, आणि म्हणाला, “अर्धं मिनिट जास्त भाजलंय.” वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. मी बाहेर दारातच उभा होतो, तोंड बंद.

आता तो परत माझ्या शेजारच्या स्टुलावर बसतो. रुमालातच थुंकतो, घडी घालतो, कोपरा खोचतो, आणि काटाबाई रोज ते रुमाल वाळवून तोलतात. तो निवांत असतो. मीच बिघडलोय. तस्तावर वाकून सरळ झालो की माझा हात गळ्याकडे जातो. मी थुंकलो का? तस्तात डोकावून बघतो. मग मनगट धरतो आणि मोजायला लागतो.